अपघात कधी कळला

गेउलाला जाऊन तीन महिने होत आले, तेव्हा विम्याचं पत्र आलं.

शालोम झिराडकर दुपारी चारला हॉटेलच्या व्हॅनमधून उतरला, जिन्याखालच्या पेटीतून पत्र काढलं आणि तिथंच उभा राहून वाचू लागला. इस्राएलात येऊन छत्तीस वर्षं झाली होती, तरी हिब्रू वाचताना त्याला ओळीवर बोट ठेवावं लागे. गेउला, त्याची बायको, असती तर तिनं पत्र हातातून काढून घेतलं असतं. "द्या इकडे. तुमचं वाचून होईस्तोवर शब्बाथ लागेल."

पत्रात लिहिलं होतं की गेल्या वर्षी सतरा सप्टेंबरला बेरशेव्यात, इस्पितळाच्या फाटकाजवळ, शालोमच्या गाडीनं एका उभ्या गाडीला धडक दिली. त्या गाडीचा डावा दरवाजा चेपला. धडक देणाऱ्या गाडीची चालक गेउला झिराडकर. दोष पूर्णपणे तिचा. भरपाई मागणारा लिओर चिंचोलकर. त्या वेळी उभ्या गाडीत बसलेला आणि साक्षीला सही केलेला, लिओरचा बाप, एली चिंचोलकर.

शालोमनं ते तीनदा वाचलं. एलीच्या नावाशी बोट थांबलं ते हलेना.

एली म्हणजे दुसरा तिसरा कुणी नव्हे. शालोम ठाण्याचा, एली माझगावचा. एकाच विमानातून आले, याच अराद गावच्या कापड गिरणीत एकाच पाळीत बावीस वर्षं मशीनं चालवली. गेउलाला माती देताना शालोमचा दंड धरून उभा राहिला तो एलीच.

आणि शालोमला ठाऊक असलेली गोष्ट अगदी वेगळी होती.

नव्याच्या सणाच्या, म्हणजे इथल्या रोश हशानाच्या, आधीचा गुरुवार. शालोम मृत समुद्रावरच्या एका हॉटेलच्या लाँड्रीत मशीनं दुरुस्त करायचा. सकाळी सहाला व्हॅन त्याला नेई, म्हणून गाडी दिवसभर गेउलाकडे असे. त्या दिवशी तो परत आला तर गाडीचा पुढचा उजवा दिवा फुटलेला, बंपर आत दबलेला. गेउला दारातच उभी होती.

"अहो, आधी रागवू नका. इथल्या मार्केटच्या पार्किंगात मी उभी होते. एलीभावजींनी मागं न बघता गाडी रिव्हर्स घेतली. कुणाला काही लागलं नाही."

"नंबर-बिंबर लिहून घेतलास?"

"एलीभावजींचा नंबर? तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

तेही खरंच होतं. अरादमध्ये आपली बेने इस्राएलची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, तीस-चाळीस घरं. एकाची गाडी दुसऱ्याला घासली तर दार ठोकून सांगायचं, चहा प्यायचा, विषय संपला. आपसांत कागद करायची रीत नव्हती. विमा परक्यांसाठी. शालोम तरी दोन दिवस कुरकुरला. पन्नाशीला लायसन काढलं की असंच व्हायचं, उभ्या गाडीत बसून हॉर्न तरी मारायचा, असं काहीबाही तिला बोलला. ती ऐकून घेत राहिली.

शनिवारी शब्बाथ उतरल्यावर तिनं मलिदा केला. पोहे भिजवले, साखर, खोबरं, वेलची घातली, वर खजूर, केळी, सफरचंदाच्या फोडी लावल्या आणि ताट एलियाहू हन्नाबीच्या, संकटात धावून येणाऱ्या प्रेषिताच्या, नावानं मांडलं. संकटातून सुटलं की मलिदा करायचा, नाहीतर नवस बोलताना करायचा, ही कोकणापासूनची रीत. एली, त्याची बायको हाना आणि शेजारची दोन घरं आली.

शालोमला हसू आलं होतं. सगळ्यांसमोर तो म्हणाला, "एका दिव्यासाठी एवढा मलिदा? एलियाहू हन्नाबी काय गॅरेज चालवतो?"

सगळे हसले. गेउलाही हसली. एली तेवढा हसला नव्हता. हे शालोमला आठवत होतं, कारण त्याला वाटलं होतं, चूक एलीची म्हणून बिचारा ओशाळलाय.

मग गेउलानं पहिला वाटा एलीच्या हातावर ठेवला. "भावजी, खाताय ना? मग ती गोष्ट इथंच संपली. पुन्हा तोंडातून काढायची नाही."

एली हातातल्या पोह्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "संपली, वैनी," आणि खाल्लं. शालोमनंही खाल्लं. ताटासमोर झालेला शब्द तो. त्याच्यापुढं वकिलाचा शिक्का काय?

आणि आता सात महिन्यांनी, गेउला मातीत गेल्यावर, ती उत्तर द्यायला नाही हे बघून, या माणसानं केसानं गळा कापला होता.

दोष टाकला त्याचं एवढं नव्हतं. जागा बदलली होती. पंचेचाळीस किलोमीटरवरचं बेरशेवा लिहिलं म्हणजे गेउला शालोमशी खोटं बोलली असा अर्थ झाला. आणि गेउला खोटं बोलत नसे. सिनेगॉगमधून घरी येताना चार माणसांत ती म्हणे, आज तुम्ही बेसूर गायलात. शालोमच्या आईची आमटी माझ्यापेक्षा सरस होती, हेही तीच सांगे. सदतीस वर्षांच्या संसारात तिनं त्याच्यापासून काही लपवलं नाही, आणि ती गेल्यावर शालोमजवळ एवढी एकच गोष्ट धडधाकट उरली होती. तिचे कपडे मुलगी घेऊन गेली. तिचा आवाजही आठवेनासा होत होता. तिचा शब्द तेवढा होता.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्या आल्या तो इलानाच्या ऑफिसात गेला. इलाना पन्नाशीची, आवाजानं जाड, आईबाप मोरोक्कोतून आलेले. वीस वर्षं शालोमचा विमा तीच बघत होती. हिब्रूत लहानथोर सगळ्यांना तूच म्हणतात. शालोमला त्याची सवय झाली होती.

"शालोम, शालोम!" ती म्हणाली. त्याचं नाव आणि हिब्रूतला नमस्कार एकच, हा विनोद ती वीस वर्षं करत होती. मग तिनं त्याचा चेहरा पाहिला आणि सिगरेट विझवली. "बस. रस्ते दोनच आहेत. एक, सही करून टाक की हो, बायकोनं ठोकलं. कंपनी दरवाजा भरून देईल, तुझी पुढच्या वर्षीची सूट जाईल, संपलं. दोन, म्हण की असं झालंच नाही. मग कंपनी त्यांच्याशी भांडेल."

"असं झालंच नाही."

"ऐक माझं. बाई गेली बिचारी. दोष तिच्यावर टाकला तर आता तिचं काय जाणार आहे? लायसन काढून घेणारेत का तिचं?"

"तिचा शब्द जातोय," शालोम म्हणाला. "फॉर्म दे."

फॉर्म त्यानं स्वतः भरला, वाकड्यातिकड्या हिब्रू अक्षरात. जागा, अराद, मार्केटचं पार्किंग. दोष, एली चिंचोलकरचा. शेवटच्या रकान्यात विचारलं होतं, गाडीच्या मालकाला अपघात कधी कळला?

इलानानं पेनावर हात ठेवला. "इथं जरा थांब. त्याच दिवशी कळला म्हणून लिहिलंस तर ते विचारतील, सात महिने झोपला होतास का? कळवलं का नाहीस? त्यावरून अख्खा दावा नाकारतील. लिही की या पत्रावरूनच कळलं. बायको वारली, तिनं सांगितलं नव्हतं. कोण तपासायला जातंय?"

"तिनं सांगितलं नव्हतं?" शालोमचा आवाज चढला. बाहेर बसलेला माणूस आत डोकावला. "तिनं त्याच संध्याकाळी सांगितलं मला. दारात उभं राहून. माझी बायको माझ्यापासून काही लपवत नव्हती."

त्यानं सतरा सप्टेंबर अठ्ठ्याण्णव असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

"तुझी मर्जी," इलाना म्हणाली. "पण मी हे रविवारपर्यंत पाठवत नाही. त्यांनी दाव्याला काही कागद जोडलेत, त्यांच्या प्रती मागवल्यात. तोवर त्या माणसाशी एकदा बोल. त्यानं जागाच खोटी लिहिली असेल तर त्याला जड जाईल. पोलिसापर्यंत जाईल."

"जाऊ दे."

घरी येऊन त्यानं किर्यात गातला मुलीला फोन लावला. सारित तिथल्या चिप बनवायच्या कारखान्यात होती. बाळंतपणाची रजा नुकतीच संपली होती, मागं बाळ रडत होतं. शालोमनं मराठीत सगळं सांगितलं. ती हिब्रूत म्हणाली, "अब्बा, सही करून टाक ना. एका दरवाजासाठी एलीकाकाशी भांडणार? इमाला चाललं असतं."

"तुझ्या आईला खोटारडी म्हणतात ते. चाललं असतं तिला?"

"अब्बा, बाळ रडतंय. शुक्रवारी बोलू."

एली व्यापारी केंद्रापुढच्या बाकावर सापडला. रोज संध्याकाळी तो तिथं सूर्यफुलाच्या बिया सोलत बसे. शालोम बसला नाही, समोर उभा राहिला.

"काय रे, बेरशेव्याची हवा कशी आहे?"

एलीच्या बोटातली बी बोटातच राहिली. "पत्र आलं वाटतं."

"आलं. बरं लिहिलंयस."

"लिओरनं केलं ते. गाडी त्याच्या नावावर. विकायला काढलीय, गिऱ्हाईक म्हणालं दरवाजा नीट करून दे."

"पोराचं नाव पुढं करू नको. खाली सही कुणाची?"

"माझी."

"गेउलानं ठोकलं तुला? उभ्या गाडीला? बेरशेव्यात?"

एलीनं हातातली बी टाकून दिली. बाकावर पडलेली टरफलं एका बाजूला लोटत राहिला.

"अरे, तोंड आहे ना तुला? का ते पण लिओरच्या नावावर केलंस?"

"शालोम, जे लिहिलंय त्याच्यावर सही कर आणि मोकळा हो. मला जास्ती विचारू नको."

"तू माझ्या घरात मलिदा खाल्लास. तिच्या हातचा. ताटासमोर म्हणालास, गोष्ट संपली. खाल्लास की नाही?"

"खाल्ला," एली म्हणाला. "म्हणून तर बोलता येत नाही."

"बोलता येत नाही, पण मेलेल्या बाईच्या नावावर लिहिता येतं." शालोम बाकाशेजारी थुंकला. असं त्यानं आयुष्यात कधी केलं नव्हतं. "रविवारी माझा फॉर्म जातोय. मग पोलिसांसमोर बियाच सोल."

एलीनं मान खाली घातली. त्यानं उलटं दोन शब्द ऐकवले असते तर शालोमला बरं वाटलं असतं. घरी जाईपर्यंत ती खाली घातलेली मान त्याच्या डोक्यातून गेली नाही.

रविवारी, इथला आठवडा सुरू होताच, इलानानं विनोद केला नाही. तिनं एक कागद त्याच्यापुढं सरकवला. "हे जोडलं होतं. बायकोनं अपघाताच्या जागी लिहून दिलेली चिठ्ठी. बघ, अक्षर तिचं आहे का?"

कागदाची ती झेरॉक्स होती. गेउलाचं नाव, लायसनचा नंबर, गाडीचा नंबर, घरचा फोन. हिब्रूत लिहितानाही गेउला मराठीसारखी वर रेघ मारायची. अर्धी ओळ झाली की तिच्या लक्षात येई आणि रेघ तुटे. इथंही ती अर्ध्यात तुटली होती. जगात दुसरं कुणी असं लिहीत नव्हतं.

"तिचंच आहे," शालोम म्हणाला. "मग काय झालं? अरादमध्ये लिहिली असेल."

इलानानं दुसरा कागद पुढं केला. "ही चिठ्ठीची मागची बाजू. त्यांनी दोन्ही बाजूंची प्रत काढलीय."

मागं छापील अक्षरं होती. इस्पितळाचं नाव. गेउला झिराडकर. तारीख सतरा सप्टेंबर, वेळ सव्वादहा. विभागाचं नाव शालोमला वाचायला बोट लागलं नाही. तो दरवाजा त्याला पाठ होता. डिसेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत त्याच दारातून तो तिला आतबाहेर नेत होता. खाली पेनानं लिहिलं होतं, तपासणीचा निकाल घेणे.

गेउलानं त्याला आजाराचं सांगितलं होतं ते डिसेंबरातल्या हनुक्का सणाच्या शेवटच्या दिवशी. म्हणाली होती, कालच कळलं.

"शालोम? पाणी देऊ?" इलाना विचारत होती. "फॉर्म आज पाठवू का नको?"

"उद्या," तो म्हणाला. "उद्या येतो."

तो घरी गेला नाही. खाली गाडीत जाऊन बसला. समोरच्या कप्प्यात त्याची छोटी वही होती. मशीनवाला माणूस, ऑइल बदललं की तारीख आणि किलोमीटर वहीत लिहायची त्याची सवय. ऑगस्टच्या शेवटचा आकडा होता. पुढचा हनुक्कानंतरचा. दोन्ही त्याच्याच अक्षरात, एकाखाली एक. त्यानं कधी वजाबाकी केली नव्हती. आता केली. बाराशे दहा. अराद गाव या टोकापासून त्या टोकापर्यंत चार किलोमीटर. मार्केट, सिनेगॉग, सगळं धरून दोनशे जाऊ देत. उरले हजार. बेरशेव्याला जाऊन येऊन नव्वद. म्हणजे अकरा खेपा.

अकरा वेळा ती गेली. आणि त्यानं स्वतःच्या हातानं ते लिहून ठेवलं होतं.

एलीच्या घरचं दार हानानं उघडलं. शालोमच्या हातातला कागद बघून ती बाजूला झाली. एली जेवणाच्या टेबलाशी बसला होता. शालोमनं झेरॉक्स त्याच्यापुढं ठेवली, मागची बाजू वर करून.

"आता शपथ सुटली का तुझी? वाचलं मी."

एलीनं खुर्ची पुढं सरकवली. "बस."

"उभाच बरा आहे. सांग."

"मी डोळ्यांचा नंबर काढायला गेलो होतो. फाटकाजवळ गाडीत बसलो होतो, निघायचं म्हणून. धाडकन आवाज झाला. उतरून बघतो तर वैनी. दोन्ही हात स्टिअरिंगवर, उतरायला तयार नाही. म्हटलं, वैनी, लागलं का? तर म्हणते, भावजी, दरवाजाचं काय ते बोला. लिओरची गाडी, त्याला भरून दिलं पाहिजे. दरवाजाचंच बोलत राहिली रे. पर्समधनं कागद काढला, नाव नंबर लिहून दिला. मागं काय छापलंय ते तिनं बघितलं नाही. मी बघितलं."

"आणि मग?"

"मग सांगितलं तिनं. रस्त्याच्या कडेला दगडावर बसून. सारित तेव्हा पलंगावर होती ना. दोनदा पोट पडलेलं, डॉक्टरनं हलू नको म्हटलेलं. वैनी म्हणाली, यांना कळलं तर संध्याकाळपर्यंत पोरीला कळेल. यांचा चेहरा म्हणजे उघडं दुकान. पोरगी सुखरूप मोकळी होऊ दे, मग मीच सांगेन. तेवढ्यासाठी नवस बोलली ती. तो मलिदा दिव्यासाठी नव्हता, शालोम."

शालोमला आपलाच आवाज ऐकू आला. एलियाहू हन्नाबी काय गॅरेज चालवतो? आणि गेउला हसली होती.

"म्हणजे मला सांगायचं नाही," तो म्हणाला, "आणि तुला सांगायचं."

"मला कुठं सांगितलं? माझ्या गाडीवर आदळली म्हणून कळलं मला."

"तीन महिने, एली. त्या तीन महिन्यांत मी आठवड्याचे सहा दिवस कामावर गेलो. सणांत डबल ड्यूटी केली. का, तर फेब्रुवारीत तिला मुंबईला न्यायचं. ती सकाळी मला डबा द्यायची, खिडकीत उभी राहायची आणि व्हॅन वळली की बेरशेव्याला जायची. एकटी. आणि मी तिथं टॉवेलाची मशीनं फिरवतोय. नुसतं एवढं म्हणाला असतास, शालोम, उद्या कामावर जाऊ नको. का ते सांगू नको. नुसतं एवढं."

एलीनं झेरॉक्स उलटी करून ठेवली. "एकटी नाही," तो म्हणाला. "शेवटी शेवटी तिला गाडी झेपत नव्हती. मी न्यायचो. तुझ्याच गाडीतनं. आमची नेली असती तर लिओरनं विचारलं असतं."

आता शालोम बसला.

हाना चहाचे पेले घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली होती. शालोमनं तिच्याकडे पाहिलं. "तुम्हाला पण ठाऊक होतं, वैनी?"

हानानं पेले टेबलावर ठेवले आणि पदर नसलेल्या खांद्यावर पदर सारखा केला.

"ती गेल्यावर तरी?" शालोम एलीला म्हणाला. "शिव्याचे, म्हणजे सुतकाचे, सात दिवस माझ्या घरी जमिनीवर बसलास. रोज उकडलेली अंडी आणलीस. मी दर माणसाला सांगत होतो, सहाच आठवडे आजारी होती, सहाच आठवडे. तू माझ्या शेजारी बसून ऐकत होतास."

"मलिद्यावर दिलेला शब्द माणूस मेल्यावर सुटतो का, ते मला माहीत नव्हतं. कुणाला विचारणार? इथल्या रब्बीला? त्याला मलिदा म्हणजे काय तेच ठाऊक नाही." एलीचे डोळे भरले होते. "चिठ्ठी मी त्या दिवशी गाडीच्या कप्प्यात टाकली आणि विसरलो. लिओरला ती मिळाली. तो म्हणाला, बाबा, दावा करू या. मी त्याला थांबवू शकलो असतो. नाही थांबवलं. फॉर्मवर बेरशेवा लिहिलेलं बघितलं आणि सही केली. मला वाटलं, मी बोललो नाही, पण तू वाचशील."

"पोस्टानं," शालोम म्हणाला. "छत्तीस वर्षांनी तू मला पोस्टानं कळवलंस."

तो उठला. झेरॉक्स घडी करून खिशात घातली.

"भावजी, दोन घास खाऊन जा," हाना म्हणाली. "सकाळपासून पोटात काही नसेल."

"नको, वैनी. आपल्यात खाल्लं की तोंड बंद होतं."

एली दारापर्यंत आला, जिन्यापर्यंत आला. काहीतरी म्हणत होता, दरवाजाचे पैसे लिओर घेणार नाही असं काहीतरी. शालोमनं मागं पाहिलं नाही. राग एलीवर काढून झाला होता, आणि उतरला मुळीच नव्हता. ज्या माणसाशी भांडायचं ते माणूसच नव्हतं. गेउलाला समोर बसवून विचारायचं होतं, मी काय केलं होतं गं? एवढा कच्चा होतो मी? आणि ती खरं तेच म्हणाली असती, हेही त्याला ठाऊक होतं. म्हणाली असती, होय, होता. मुलीचं पोट पडलं तेव्हा दोन्ही वेळा तुम्ही तिच्याशी फोनवर रडलात.

मुलगी वाचली होती, बाळ झालं होतं, गेउलाचा नवस फळला होता. तिनं चूक केली असं त्याला म्हणता येत नव्हतं. पण तिनं त्याला बाहेर ठेवलं होतं. त्याच्याच घराच्या, त्याच्याच गाडीच्या बाहेर.

सोमवारी सकाळी सहाला व्हॅन येऊन थांबली, हॉर्न वाजवला आणि गेली. शालोम खिडकीतून बघत होता. नऊला इलानाचं ऑफिस उघडलं तेव्हा तो दारात उभा होता.

"फॉर्म दे," तो म्हणाला.

इलानानं दिला. त्यानं खुर्ची ओढली आणि हळूहळू खोडायला सुरुवात केली. अराद खोडून बेरशेवा लिहिलं. मार्केट खोडून इस्पितळाचं फाटक लिहिलं. दोष कुणाचा, तिथं एलीचं नाव खोडून गेउलाचं लिहिलं. ते लिहिताना पेन थोडा थांबला, पण लिहिलं. प्रत्येक खोडलेल्या ठिकाणी त्यानं बाजूला सही केली, इलाना दाखवेल तशी.

मग शेवटचा रकाना आला. गाडीच्या मालकाला अपघात कधी कळला? तिथली तारीख अजून तशीच होती, खाली रेघ मारलेली. त्यानं तिच्यावर एक आडवी ओळ ओढली आणि पुढं लिहिलं, दोन मे नव्व्याण्णव. कालची तारीख.

इलाना वाकून बघत होती. तिनं टेबलावर थाप मारली. "शाब्बास! हेच तर मी बुधवारी सांगत होते. पत्रानंतरची तारीख आहे, आता कुणी काही विचारणार नाही. उगाच आरडाओरडा केलास त्या दिवशी." तिनं फॉर्मवर शिक्का मारला. "एवढंसं खोटं, शालोम. त्यानं कुणाचं काही बिघडत नाही."

"ते खोटं नाही," शालोम म्हणाला.

इलानानं त्याच्याकडे पाहिलं आणि एक डोळा मिचकावला. "बरोबर. कुणी विचारलं तर असंच सांगायचं. अगदी अशाच तोंडानं."